उशीखालची बिस्किटं आणि सहा लाखांचा हप्ता

ताई, तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे. दत्तक मुलीसाठी पुण्यात घेतलेला चाइल्ड प्लॅन चालू ठेवायचा, की तो सोडून न्यू जर्सीत ५२९ खातं, म्हणजे शिक्षणासाठीचं करसवलतीचं अमेरिकी बचत खातं, उघडायचं? उत्तरही एका ओळीत मावतं: प्लॅन सोडा, ५२९ उघडा, पण पुढच्या वर्षी.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं ते मात्र त्यातल्या एका वेगळ्या वाक्यासाठी. "मला वर्षभर घरी राहून तिच्याबरोबर वेळ काढावासा वाटतो, पण हप्त्याचं गणित बसत नाही." त्याआधी तुम्ही लिहिलंय की ती रात्री उशीखाली बिस्किटं ठेवते. डे-केअरच्या दारात तुमचा बूट काढून छातीशी धरते, कारण बूट नसला तर आई जाऊ शकत नाही हे तिने स्वतःच शोधून काढलंय. 'कारा' या भारतातल्या दत्तकविषयक केंद्रीय संस्थेच्या नियमाप्रमाणे दत्तकानंतर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी जो अहवाल जातो, त्यातल्या तिसऱ्या अहवालात सामाजिक कार्यकर्तीने "घरात कोणीतरी एकजण सतत हवं" असं नोंदवलंय. ज्यांनी तुमच्या मुलीला जवळून पाहिलंय त्यांचं हे मत आहे. ते मी गृहीत धरतो आणि आकडे त्याच्याभोवती बसवतो. आजवर तुम्ही उलट केलंत. आकडा आधी ठरला आणि मूल त्यात बसवायचं राहिलं.

वाचकांसाठी थोडक्यात. नवरा ४१, ताई ३९, दोघंही अमेरिकेचे नागरिक. दत्तकाचा अर्ज आणि खर्च २०२२ पासून सुरू. मार्च २०२५ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला आणि जूनमध्ये मुलगी घरी आली. आता ती पावणेतीन वर्षांची आहे. नवऱ्याचा पगार वर्षाला १ लाख १५ हजार डॉलर, ताईंचा ८० हजार. बँकेत ४० हजार. दत्तकावर एकूण खर्च सुमारे ३८ हजार डॉलर: एजन्सी, होम स्टडी, वकील, भारतातल्या संस्थेचे पाच हजार, विमान, राहणं. आणि मुलीला घ्यायला म्हणून पुण्यात होतात त्याच आठवड्यात "घरचाच" विमा एजंट येऊन वर्षाला सहा लाख रुपये हप्त्याची युलिप, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेला हाच चाइल्ड प्लॅन, देऊन गेला. सही मे २०२५ ची, दुसरा हप्ता २० मे ला.

आता सर्वांत मोठी गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाहीत. २०२५ चं टॅक्स रिटर्न तुम्ही फेब्रुवारीत स्वतः भरलंत. मुलीला अवलंबित दाखवलंत, चाइल्ड टॅक्स क्रेडिट घेतलंत, आणि थांबलात. अडॉप्शन टॅक्स क्रेडिट, म्हणजे दत्तकाच्या खर्चापोटी करात मिळणारी सूट, घेतलंच नाही, कारण "ते अमेरिकेतल्या दत्तकासाठी असतं" असं कोणीतरी सांगितलं. ते चूक आहे. परदेशातून घेतलेल्या मुलालाही हे क्रेडिट मिळतं. फरक एवढाच की दत्तक पूर्ण झाल्याशिवाय मागता येत नाही, आणि पूर्ण होतं त्या वर्षी मागच्या सगळ्या वर्षांचा खर्च एकत्र धरता येतो. तुमचं २०२२ पासूनचं प्रत्येक तिकीट आणि हॉटेलचं प्रत्येक बिल २०२५ मध्ये मोजलं जातं. त्या वर्षाची कमाल मर्यादा १७,२८० डॉलर आहे. उत्पन्नाची अट २,५९,१९० डॉलरपुढे लागू होते, तुम्ही तिच्या खूप खाली आहात. तुमचा वर्षाचा फेडरल कर तेवीस-चोवीस हजारांच्या घरात, त्यामुळे क्रेडिट पूर्ण वापरलं जाईल. दुरुस्त रिटर्न, म्हणजे फॉर्म १०४०-एक्स, आणि त्याला जोडून फॉर्म ८८३९. रिटर्न भरल्यापासून तीन वर्षांची मुदत असते, पण तुम्ही याच महिन्यात भरा. नोकरीतून दत्तकासाठी काही भरपाई मिळाली असेल तर तेवढा खर्च वगळा, त्यावर दुसऱ्यांदा लाभ मिळत नाही.

सतरा हजार डॉलर तुमचे आहेत आणि सरकारकडे पडून आहेत. माझा जीव तिथे तळमळतो, कारण याच पैशांअभावी तुम्ही रोज सकाळी तो बूट तिच्या हातातून सोडवून घेताय.

आता तुमचं वर्ष मोजू. ८० हजारांतून कर आणि कपाती जाऊन हातात साधारण ५२ हजार येतात. डे-केअर महिना १,६००, म्हणजे वर्षाचे १९ हजार. घरी राहिलात तर ते वाचतात. खरा तोटा ३३ हजारांचा. त्यातले १७ हजार क्रेडिटचे. सहा लाखांचा हप्ता न भरल्याने आणखी सुमारे सात हजार. झाले २४. उरलेले नऊ हजार बँकेतल्या चाळिसातून काढा. मागे ३१ हजार राहतात, म्हणजे महिना सहा हजार खर्च धरला तर पाच महिन्यांची बेगमी. क्रेडिटचा परतावा यायला काही महिने लागतील, तोवर बँकेतलेच वापरा. नोकरी सोडू नका, बिनपगारी रजा मागा आणि ती लेखी घ्या. आरोग्यविमा तुमच्या नावावर असेल तर रजा सुरू होण्याआधी तो नवऱ्याच्या कंपनीत हलवा.

तुमच्या यजमानांनी मुलगी आली तेव्हा फक्त दोन आठवड्यांची वार्षिक सुट्टी घेतली, हेही तुम्ही सहज लिहून गेलात. न्यू जर्सीत फॅमिली लीव्ह इन्शुरन्स, म्हणजे कुटुंबासाठी घेतलेल्या रजेत पैसे देणारा विमा, वडिलांनाही असतो, दत्तकालाही असतो. बारा आठवड्यांपर्यंत, पगाराच्या ८५ टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत. त्यांच्या पगाराला आठवड्याला हजाराच्या वर बसतात. त्यासाठी दर पगारातून कपात होतेच. पण मूल घरी आल्यापासून बारा महिन्यांची मुदत आहे आणि ती जूनमध्ये संपते. हातात जेमतेम आठ आठवडे आहेत. अर्ज याच आठवड्यात करायला सांगा. हा हक्क पुन्हा येत नाही.

आता त्या प्लॅनकडे वळू. सुट्टीत गावी आलेल्या माणसाला गाठून पॉलिसी विकणारे मी वीस वर्षं पाहतोय, पण दत्तक मुलीला घ्यायला आलेल्या आईबापांसमोर "पोरीच्या भविष्यासाठी" म्हणत फॉर्म सरकवणं मला सहन होत नाही. एजंटने दाखवलेले १ कोटी २० लाख पंधरा वर्षांनी मिळतील, तेही आठ टक्के वाढ गृहीत धरून. त्या गृहीतकाची हमी कंपनी देत नाही. शिवाय कॉलेजची फी तुम्हाला डॉलरमध्ये भरायची आहे. २०११ मध्ये डॉलर पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास होता, आज नव्वदीच्या घरात आहे. याहून हळू घसरण धरून पंधरा वर्षांनी १४० धरा, तर त्या १ कोटी २० लाखांचे सुमारे ८५ हजार डॉलर होतात. त्यावर भारतात कर, कारण वर्षाला अडीच लाखांपेक्षा जास्त हप्त्याची युलिप करमुक्त राहत नाही. अमेरिकेत तर दरवर्षीचा त्रास. अशी पॉलिसी तिथल्या व्याख्येत बहुधा विमा ठरत नाही, आतले फंड परदेशी गुंतवणूक कंपनी मानले जाऊ शकतात, आणि त्यासाठी फॉर्म ८६२१ भरून घ्यायला हिशेबनीस जे पैसे घेईल त्यात फंडाची वाढ निघून जाईल. परदेशातली तुमची सगळी खाती आणि ही पॉलिसी मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरवर गेली असतील तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरणंही बंधनकारक आहे. २०२५ साठी ते राहिलं असेल तर सीपीएला, म्हणजे तिथल्या परवानाधारक हिशेबनीसाला, दाखवून लगेच भरा.

आणि विमा म्हणाल तर संरक्षण साठ लाखांचं, म्हणजे ६७ हजार डॉलर. नवऱ्याच्या सात महिन्यांच्या पगाराएवढं.

"एक हप्ता भरलाय, तो वाया जाईल" ही तुमची भीती कळते. तो वाया जात नाही. पहिल्या हप्त्यानंतर बंद केली तर कपात जास्तीत जास्त पाच-सहा हजार रुपयांची. बाकी रक्कम वेगळ्या फंडात जाऊन पाच वर्षांचा लॉक-इन संपल्यावर परत मिळते, त्यावर किमान चार टक्के व्याज असतं. सहा हजार रुपये वाचवायला पुढच्या नऊ हप्त्यांचे ५४ लाख ओतणार का?

५२९ चं सांगतो आणि सोडतो. तुम्ही कामावर परतलात की महिना ४०० डॉलर. सहा टक्के धरले तर पंधरा वर्षांत सुमारे १ लाख १५ हजार, शिक्षणासाठी वापरले तर वाढीवर फेडरल कर नाही. एक वर्ष उशिराने या आकड्याचं फारसं बिघडत नाही.

शेवटचं एक वाक्य तुमच्या पत्रातलं: "आमचं काही बरंवाईट झालं तर पुण्याला माझा भाऊ आहे." मृत्युपत्र केलंय का, तर नाही. मग तुमचा भाऊ आहे हे न्यू जर्सीच्या न्यायालयाला कोण सांगणार? तो भारतात, मुलगी अमेरिकेची नागरिक, आणि तो व्हिसा काढून पोहोचेपर्यंत ती कोणाकडे झोपणार? या मुलीने आयुष्यात एकदा अनोळखी माणसांनी आपलं ठरवणं भोगलंय. वकिलाकडे जा, दोघांचीही मृत्युपत्रं करा, त्यात भाऊ कायदेशीर पालक म्हणून लिहा आणि तो येईपर्यंतच्या काळासाठी न्यू जर्सीतलं एक ओळखीचं कुटुंब लिहा. आधी त्या कुटुंबाला विचारा, त्यांच्या घरी मुलीला चार वेळा नेऊन आणा. नवऱ्याचा दहा लाख डॉलरचा आणि तुमचा पाच लाखांचा टर्म विमा घ्या, वीस वर्षांचा. तब्येत ठीक असेल तर दोन्ही मिळून महिना दीडशेच्या आसपास बसेल. लाभार्थी म्हणून मुलीचं नाव थेट घालू नका, अल्पवयीन मुलाच्या हातात कंपनी पैसे देत नाही. मृत्युपत्रातला ट्रस्ट घाला. तिचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालाने आलंय का तेही बघा. आयएच-३ व्हिसावर, म्हणजे परदेशातच दत्तक पूर्ण होऊन, आलेल्या मुलांना ते आपोआप पाठवलं जातं, पण पत्ता बदललेल्या घरांत ते हरवतं, आणि तुम्ही डिसेंबरमध्ये घर बदललंय.

हप्ता पुण्याच्या बँकेतून ऑटो-डेबिटने जातो असं तुम्ही लिहिलंय. ती सूचना १५ मे च्या आत रद्द करा आणि पोच मागून घ्या. एजंटचा फोन येईल. पॉलिसी बंद करायला त्याची सही लागत नाही.