मायलोमा आटोक्यात आलेला असताना प्रत्यारोपणापूर्वी पुन्हा इतकी जड किमो का देतात?

आपल्या वडिलांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांतल्या मगजातील पेशींचा कर्करोग आहे, चार महिन्यांच्या औषधांनी रिपोर्ट नॉर्मल आले आहेत आणि तरीही डॉक्टर स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) प्रत्यारोपणापूर्वी जड किमो द्यायचे म्हणतात. ती टाळून नुसत्या पेशी देता येणार नाहीत का, असे आपण विचारले आहे. देता येणार नाहीत. स्वतःच्याच पेशी परत देण्याच्या प्रत्यारोपणात खरा उपचार ती किमो हाच असतो. पेशी त्या किमोतून माणसाला सावरण्यासाठी असतात. नाव मात्र पेशींचे झाले आहे, आणि त्या नावापायी सहा वर्षांपूर्वी आमच्या घरात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

माझे यजमान तेव्हा 56 वर्षांचे होते. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टॉवेलचे यंत्रमाग होते. कंबरदुखी समजून वर्ष मलम चोळण्यात गेले आणि मणका दबल्यावर मायलोमा निघाला. इंजेक्शने आणि गोळ्या सोलापुरातच झाल्या, पाचव्या महिन्यात रक्तातले एम प्रोटीन, म्हणजे मायलोमाच्या पेशी बनवतात ते प्रथिन, दिसेनासे झाले आणि पुण्याच्या डॉक्टरांनी प्रत्यारोपणाची तारीख दिली. त्याच रविवारी माझे मोठे दीर घरी आले आणि सर्वांदेखत मला म्हणाले, “रोग निघून गेलाय आणि तू चांगल्या माणसाला विष द्यायला निघालीस.” या जड किमोचे मेलफॅलन हे औषध युद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूच्या कुळातले आहे, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते, आणि ते खरेच आहे. हा नवा प्रयोग आहे, असेही ते म्हणाले. ते मात्र खरे नव्हते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात बोन मॅरोचे (हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मगजाचे) प्रत्यारोपण 1983 पासून होत आहे, आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील रॉयल मार्सडेन रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मोठ्या मात्रेतील मेलफॅलनने मायलोमा मागे हटतो हे प्रसिद्ध केले होते. त्या रुग्णांना पेशींचा आधार नव्हता; रोग हटे, पण मॅरो सावरायला फार वेळ लागे आणि तेवढ्यात जंतुसंसर्ग जिवावर बेतू शके. पेशी आधी काढून ठेवण्याची सोय नंतर त्याला जोडली गेली.

माझे माहेर मंगळवेढ्याचे, ज्वारीच्या काळ्या रानाचे. हरळी खुरपून काढली की रान स्वच्छ दिसते, पण काशा खाली तशाच असतात. रिपोर्ट नॉर्मल येणे म्हणजे एवढेच. खोल नांगरट केली तरच काशा वर येतात, पण त्या नांगरटीत रानातले चांगलेही टिकत नाही, म्हणून बियाणे आधीच घरात काढून ठेवावे लागते. हे मी दिरांना सांगितले तेव्हा ते उठून गेले.

पेशी वाढण्यासाठी यजमानांना पाच दिवस इंजेक्शने दिली आणि मग मशीनवर रक्त फिरवून पेशी वेगळ्या केल्या. वजनाच्या किलोमागे किमान 20 लाख तरी लागतात, त्यांच्या पुरेशा निघाल्या. मेलफॅलनची मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला 200 मिलिग्रॅम. औषध सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी सिस्टरांनी स्टीलच्या भांड्यात बर्फाचा चुरा आणून माझ्या हातात दिला आणि औषध संपल्यावरही बराच वेळ यांच्या तोंडात बर्फ राहिलाच पाहिजे, असे बजावले. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोहोचते आणि तोंड कमी सोलते. सोलापूरच्या मे महिन्यातही माठाचेच पाणी पिणारा हा माणूस. दात शिवशिवत होते, डोळ्यांतून पाणी येत होते, तरी मी चमचा थांबू दिला नाही. तेवढ्यात दिरांचा व्हिडिओ कॉल आला. भांडे पाहून ते ओरडू लागले की किमोच्या माणसाला बर्फ कोण देते, छाती भरेल, ताबडतोब गरम पाणी दे. लग्नाला 28 वर्षे झाली होती, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचा फोन मध्येच बंद केला.

दुसऱ्या दिवशी पेशी दिल्या. गोठवण्यासाठी वापरलेल्या द्रव्यामुळे खोलीभर लसणासारखा वास होता. सातव्या दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी 100 पर्यंत घसरल्या, जुलाबांनी ते पार गळून गेले, आठव्या रात्री ताप चढला आणि मोठी अँटिबायोटिक्स सुरू झाली. तोंडात मात्र दोनच फोड आले, आणि मऊ भात गिळता येत होता. बाराव्या दिवशी पांढऱ्या पेशींचा काउंट वर येऊ लागला.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की निर्णय डॉक्टर, आपले वडील आणि रात्री त्यांच्या उशाशी बसणारी व्यक्ती यांनी घ्यावा. सोलापुरातून फोनवर सल्ला देणाऱ्याला, तो वयाने कितीही मोठा असला तरी, त्यात मत नसावे. आमचे दीर आजही प्रत्येक कार्यात सांगतात की धाकटा सिद्धरामेश्वरांच्या कृपेने वाचला. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी मीही हात जोडले होते; पण मेलफॅलनही तितकेच खरे होते, आणि हे त्यांनी एकदा तरी सर्वांदेखत म्हणावे अशी माझी अपेक्षा आहे.

काही गोष्टी राहिल्या. या उपचाराने मायलोमा कायमचा जातोच असे नाही. यजमान आजही मायलोमा दाबून ठेवणारी लेनालिडोमाइडची गोळी घेतात आणि ठरल्या वेळी रक्त तपासून घेतात. दुसऱ्याच्या पेशी घेताना या किमोला आणखी एक काम असते: रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबणे, म्हणजे शरीर नव्या पेशी नाकारत नाही, तिथली औषधे वेगळी असतात आणि तो अनुभव मला नाही. नव्या औषधांमुळे काही रुग्णांत प्रत्यारोपण पुढे ढकलण्याचा विचारही होतो, तेव्हा तसे आपण डॉक्टरांना जरूर विचारावे. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड दुबळे असेल तर मेलफॅलन बहुधा 140 पर्यंत कमी करतात. वडिलांचे वय आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) आपण लिहिलेले नाही, तेवढे कळवावे.