वाचकांचे प्रश्न : एसी चालतो, पण खोली गार होत नाही

एप्रिल उजाडला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एसीची पत्रे वाढतात. यंदाच्या पत्रांत एक वाक्य सारखे दिसले : ‘मेकॅनिक म्हणतो गॅस गेला.’ गॅस जातो, हे खरे. पण गारवा न येण्याची इतर कारणे त्याहून अधिक आहेत आणि त्यांतली बरीच थर्मामीटर, बादली आणि टॉर्च एवढ्या सामानावर घरीच ओळखता येतात. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

दोनापावला येथे समुद्राला लागूनच फ्लॅट आहे. दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी तीन वर्षांपूर्वी बसवला. दोन वर्षे एप्रिलमध्ये गॅस भरून घेतो आणि चवथीपर्यंत गारवा पुन्हा जातो. समुद्राजवळ गॅस लवकर संपतो, असे मेकॅनिक सांगतो. खरे का?
— एक वाचक, दोनापावला

गॅस संपत नाही. तो काही पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे, आणि तुम्ही ते दोनदा ओतले आहे.

समुद्राचा दोष मात्र आहेच. खाऱ्या वाऱ्यातले मीठ आउटडोअरच्या कॉइलवर बसते आणि हवेतला ओलावा ओढून घेते. तांब्याची नळी, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पात्या आणि मध्ये खारे पाणी, असा हा मामला. यात आधी ॲल्युमिनियम खाल्ले जाते. पात्यांची पांढरी भुकटी पडू लागली, बोट लावताच त्या झडू लागल्या, तर उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभागच उरत नाही. मग गॅस पुरेपूर असला तरी गारवा येणार नाही. हे आधी टॉर्च मारून पाहा.

आता मोजमाप. दारे-खिडक्या लावून, तापमान १६ ते १८ वर आणि पंखा जोरात ठेवून एसी १५ मिनिटे चालू द्या. इनडोअरच्या वरच्या जाळीपाशी, म्हणजे हवा आत ओढली जाते तिथे, तापमान घ्या. मग हवा बाहेर येते तिथे घ्या. फरक ८ ते १२ अंश असावा. आपल्या दमट हवेत ८ आला तरी यंत्र ठीक समजावे. ६ पेक्षा कमी आला तर शंका घ्या. सोबत ड्रेन पाइप बादलीत सोडा. मे महिन्यात दीड टनाचा निरोगी एसी पहिल्या तासात सहज एक ते दोन लिटर पाणी काढतो. गोव्यातल्या उन्हाळ्यात तासभर थेंबही पडला नाही, तर कॉइल मुळात गारच होत नाही. खोली गार झाली की इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारे यंत्र) मंदावतो आणि पाणीही कमी होते, म्हणून मोजणी सुरुवातीलाच करावी.

गळती बहुधा कुठे सापडते? आउटडोअरच्या दोन व्हॉल्व्हांवरच्या फ्लेअर नटांपाशी (नळ्या व्हॉल्व्हांना जोडणाऱ्या नटांपाशी), कॉइलच्या टोकाच्या वाकांवर आणि झाळकामाच्या सांध्यांवर. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते, त्यामुळे तेलकट डागावर धूळ चिकटलेली दिसली की पत्ता लागला.

मेकॅनिककडून पुढचे काम याच क्रमाने करून घ्या. उरलेला गॅस काढायचा. कोरडा नायट्रोजन ३५० ते ४०० पीएसआय दाबाने भरायचा, सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा आणि दाब काही तास धरून ठेवायचा. रात्रभर ठेवला तर उत्तम. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर कोणी आणला तर काम तिथेच थांबवा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. गळती दुरुस्त झाल्यावर पंपाने ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचे माप) खाली व्हॅक्यूम करायचा. नळ्यांतली हवा थोडा गॅस सोडून बाहेर ढकलण्याची पद्धत चालू देऊ नका, कारण आत राहिलेला ओलावा तेल खराब करतो. शेवटी आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलता असल्याने दाबही बदलतो, म्हणून नुसता गेज पाहून भरलेला गॅस अंदाजाचाच. तुमच्या एसीत आर-३२ हा गॅस असेल तर तो पेट घेऊ शकतो, तेव्हा नळ्यांत गॅस असताना झाळकाम नको.

कॉइलच सच्छिद्र झाली असेल तर एपॉक्सीचे लिंपण फार टिकत नाही. कॉइल बदला, आणि बदलताना गंजरोधक लेप असलेली मागा. त्यानंतर महिन्यातून एकदा एमसीबी बंद करून आउटडोअरची कॉइल साध्या गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. ॲसिड नको. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात, तोही नको.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुतो. तरी मध्यरात्रीनंतर गारवा कमी होतो, इनडोअरच्या कॉइलवर बर्फ दिसतो आणि पहाटे भिंतीवर पाणी ओघळते. गॅस जास्त झाला असेल का?
— एक वाचक, फोंडा

नाही. बर्फ धरतो तो कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही म्हणून, किंवा गॅस कमी आहे म्हणून. दोन्हींतला फरक ओळखता येतो. कॉइलभर सारखा बर्फ असेल, बाहेर येणारी हवा बर्फगार पण तिचा झोत मेलेला असेल, तर अडचण हवेची. कॉइलच्या एकाच कोपऱ्यात आणि आउटडोअरच्या बारीक नळीवर हिम दिसत असेल, तर गॅस कमी.

फिल्टर स्वच्छ असूनही झोत मंद असेल तर ब्लोअरकडे पाहा. एसी बंद करून, प्लग काढून हवेच्या तोंडातून आत टॉर्च मारा. पिंजऱ्यासारखा लांब पंखा दिसेल. त्याच्या बारीक पात्यांत काळा थर बसला असेल तर पंखा फिरतो, पण हवा ढकलत नाही. फोंड्याच्या दमट हवेत धूळ आणि बुरशी मिळून हा थर वर्षभरात जमतो आणि वरवरच्या ‘सर्व्हिस’मध्ये त्याला कोणी हात लावत नाही. खाली पिशवी बांधून, सर्किट झाकून ब्लोअर आणि कॉइल पंपाने धुऊन घ्या. फिल्टर फक्त साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावा.

बर्फ सुरीने खरवडू नका, नळी फुटते. नुसता फॅन मोड तास-दोन तास चालवला की तो वितळतो. भिंतीवरचे पाणी त्याच बर्फाचे असण्याची शक्यता आहे. बर्फ नसतानाही गळत असेल तर ड्रेन पाइप पाहा : उतार सलग आहे का, आत शेवाळ आहे का आणि पाइपाचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले तर नाही ना.

आठ वर्षे जुना, इन्व्हर्टर नसलेला दीड टनाचा एसी. सकाळी व्यवस्थित चालतो. संध्याकाळी सातनंतर बाहेरचा पंखा फिरतो, ‘हम्म’ आवाज येतो, ‘टक्’ होऊन बंद पडतो आणि काही मिनिटांनी तेच पुन्हा. कॉम्प्रेसर गेला का?
— एक वाचक, मडगाव

एवढ्यात त्याचे तेरावे घालू नका. सकाळी चालतो त्या अर्थी तो जिवंत आहे. संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि कॉम्प्रेसरच्या मोटरला सुरू होताना जोर देणारा कॅपॅसिटर अशक्त झालेला असतो; दोन्ही मिळून कॉम्प्रेसर उचलला जात नाही. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात असतो. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले की जोर जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. अडकलेली मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तापते आणि ओव्हरलोड हा सुरक्षेचा स्विच तिची वीज तोडतो. तोच ‘टक्’.

दीड टनाच्या एसीचा कॅपॅसिटर साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा असतो. आकडा डब्यावर छापलेला असतो. ४५ चा कॅपॅसिटर मीटरवर ४२ च्या खाली दाखवत असेल किंवा त्याचे डोके फुगले असेल तर बदला. तितक्याच मायक्रोफॅरडचा घ्या. ही मोजणी इलेक्ट्रिशियननेच करावी, कारण प्लग काढल्यावरही कॅपॅसिटर जबर झटका देतो. त्याच वेळी व्होल्टेजही दोनदा मोजून घ्या. एसी बंद असताना २२० आणि सुरू होताना १९० दिसले, तर दोष घरातला : बारीक वायर, सैल जोड किंवा जळका सॉकेट. बंद असतानाच १९० असेल तर वीज खात्याकडे तक्रार नोंदवा आणि तोवर चांगला स्टॅबिलायझर लावा.

जाता जाता : इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरला असा कॅपॅसिटर नसतोच. तुमच्या शेजाऱ्याचा एसी इन्व्हर्टरचा असेल आणि त्याला ‘कॉम्प्रेसरचा कॅपॅसिटर बदलला’ असे बिल आले, तर बदललेला भाग दाखवायला सांगावे.

चांदर येथील जुन्या घरात १४ बाय १६ फुटांच्या खोलीला दीड टनाचा नवा एसी लावला. छप्पर मंगळुरी कौलांचे, उंची १५ फूट, खिडक्या शिंपल्यांच्या. २८ अंशांखाली खोली जातच नाही. दोन टनांचा घ्यावा का?
— एक वाचक, चांदर

घेऊ नका. एसी बहुधा निर्दोष आहे. पहिल्या उत्तरातली चाचणी करून खात्री करा. ही घरे वारा खेळावा म्हणून बांधली आहेत आणि कौलांच्या फटींतून तो अजूनही खेळतो. तुमच्या खोलीत सुमारे ९५ घनमीटर हवा मावते. ती तासाला तीनदा जरी बदलली आणि बाहेर ३२ अंश व ७० टक्के आर्द्रता असली, तरी आत येणारी हवा २५ अंशांपर्यंत गार आणि कोरडी करण्यात सुमारे ३ किलोवॅट खर्च होतात. दीड टन म्हणजे ५.३ किलोवॅट. अर्ध्याहून जास्त क्षमता फटींतच गेली. तापलेल्या कौलांची धग वेगळी.

नऊ-दहा फुटांवर जिप्समचे बंद छत घाला, त्यावर इन्सुलेशन पसरा, आणि छत ते कौले या पोकळीतली हवा मात्र मोकळी राहू द्या, नाहीतर वासे कुजतात. दाराखालची फट बंद करा. शिंपल्यांच्या खिडक्या काढू नका. आतून काचेची घट्ट झडप लावली की काम भागते.

१६ अंशांवर ठेवले तर खोली लवकर गार होते का? आणि पावसाळ्यात आउटडोअर ताडपत्रीने झाकावे का?
— एक वाचक, डिचोली

इन्व्हर्टर नसलेल्या एसीत मुळीच नाही; कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो, १६ वर फक्त जास्त वेळ चालतो. इन्व्हर्टरमध्ये पहिली काही मिनिटे फरक पडतो, इतकेच. नव्या एसींचे, सुरू करताच आपोआप येणारे मूळ तापमान १ जानेवारी २०२० पासून २४ अंश ठरवलेले आहे. तिथेच ठेवून छताचा पंखा मंद फिरवा.

ताडपत्री नको. आउटडोअर पावसासाठीच बनवलेले असते. झाकणाखाली दमट हवा कोंडून गंज वाढतो, आणि झाकण न काढता कोणी एसी लावला तर दहा-पंधरा मिनिटांत तो दम तोडतो. वरून झावळ्या पडण्याची भीती असेल तर वीतभर उंचीवर पत्रा ठोका, पण चारही बाजू उघड्या ठेवा.