रिबॉर्न बाहुलीचा हीट-सेट रंग भाजल्यानंतरही चिकट का राहतो?

आपण विचारले आहे की, व्हिनाइलच्या रिबॉर्न बाहुलीला (खऱ्या बाळासारखी दिसावी म्हणून हाताने रंगवलेली बाहुली) जेनेसिस या कंपनीच्या हीट-सेट, म्हणजे उष्णतेने पक्क्या होणाऱ्या, रंगाचे थर देऊन प्रत्येक थर घरच्या ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) भाजला, तरी गाल हाताला चिकट लागतात आणि हनुवटीखालच्या वळीत चमक दिसते. तेव्हा दोष रंगाचा आहे की थिनरचा, आणि रंगाच्या दुकानात मिळणारा नेहमीचा थिनर चालेल का? माझ्या मते आधी ओव्हनवर संशय घ्यावा, मग थिनरवर, आणि रंगावर सगळ्यात शेवटी.

हे रंग हवेने वाळत नाहीत. पॅलेटवर झाकून ठेवलेला रंग कितीतरी दिवस ओलाच राहतो आणि सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमान काही मिनिटे टिकले तरच तो पक्का बसतो. त्यामुळे भाजल्यावरही रंग चिकट असेल, तर बहुतेक वेळा बाहुलीचा तो भाग त्या तापमानापर्यंत पोहोचलेलाच नसतो. ओटीजीच्या खटक्यावर लिहिलेला आकडा आणि आतले खरे तापमान यांत २० अंशांचा फरक सहज पडू शकतो. शिवाय थर्मोस्टॅट चालू-बंद होत असल्याने ते सतत खालीवर होत राहते. म्हणून ओव्हन थर्मामीटर घेऊन तो ज्या उंचीवर बाहुलीचे डोके ठेवणार त्याच उंचीवर लटकवावा, ओव्हन आधी चांगला तापू द्यावा, आणि दार बंद केल्यानंतर काटा पुन्हा १३० वर आला की तेथून ८ ते १० मिनिटे मोजावीत. येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते: अमेरिकी व्हिडिओंमध्ये सांगितले जाणारे २६५ अंश हे फॅरेनहाइटमधले असतात. तो आकडा सेल्सिअसचा समजून कोणी खटका शेवटपर्यंत फिरवला, तर व्हिनाइल वितळेल आणि त्यातून आरोग्यास घातक धूर निघेल.

चिकटपणा रंगाचाच आहे का, हेही आधी तपासावे. मानेच्या आतली, रंग न लावलेली कड बोटाने चाचपून पाहावी. तीसुद्धा चिकटत असेल तर व्हिनाइलमधला मऊपणा देणारा घटक पृष्ठभागावर आला आहे आणि तेथे रंगाचा काही अपराध नाही. कड कोरडी असेल, तर भाग पूर्ण थंड झाल्यावर कानात घालायच्या कापसाच्या काडीला किंचित गंधहीन थिनर लावून ती मानेमागे रंगावर फिरवावी. काडीला रंग लागला तर तो कच्चा आहे, आणि तोच भाग योग्य तापमानावर पुन्हा भाजणे एवढाच उपाय आहे. पूर्ण बसलेला रंग या थिनरने निघत नाही. तो काढायचाच झाला तर शुद्ध ॲसिटोन लागतो, परंतु तो व्हिनाइललाही खातो, त्यामुळे पुसून लगेच बाजूला व्हावे.

आता थिनरविषयी. रंगाच्या दुकानात ज्याला नुसते थिनर म्हणतात तो बहुधा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीचा) थिनर असतो. त्यातील टोल्युइनसारखी द्रावके व्हिनाइलला मऊ करतात, फुगवतात आणि त्वचेचा बारीक पोत घालवतात. तो अजिबात वापरू नये. हवे ते गंधहीन मिनरल स्पिरिट, आणि तेही बेताने. थिनर जास्त झाला की रंगातले बांधून ठेवणारे माध्यम विरळ होते, मग भाजल्यावरही रंग खडूसारखा पुसला जातो, आणि भिजलेला रंग ओघळून वळ्यांमध्ये साचतो. आपल्याला हनुवटीखाली दिसणारी चमक मला याच साचलेल्या रंगाची वाटते. रंग लावल्यावर कोरड्या मेकअप स्पंजने हलके टिपत राहिले, विशेषतः वळ्यांत टोकाने, तर ब्रशच्या रेषा आणि साचणे दोन्ही टळतात.

थिनर पूर्ण उडून गेल्याशिवाय भाग ओव्हनमध्ये ठेवू नये, याबाबत मी हट्टी आहे. मिनरल स्पिरिटची वाफ साधारण ४० ते ६० अंशांवरच पेट घेऊ शकते आणि आपण त्याच्या दुपटीहून अधिक तापमानाच्या, लाल तापलेल्या दांड्यांच्या पेटीत ते घालत असतो. पंख्याखाली निवांत ठेवावे, ओलसर तकाकी आणि वास दोन्ही गेल्याची खात्री करावी, खिडक्या उघडाव्यात, आणि या कामाचा ओव्हन पुन्हा खाण्याच्या पदार्थांसाठी वापरू नये.

चमक कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर कारण वेगळे असते: वरच्या दांडीची थेट आच उंचवट्याला लागते आणि तेवढेच व्हिनाइल जास्त तापून तकतकीत किंवा पिवळसर होते. पिवळेपणा परत फिरत नाही. शक्य असल्यास फक्त खालची दांडी आणि पंखा चालू ठेवावा, नाहीतर वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा करावा. डोके घडी केलेल्या जुन्या टॉवेलवर ठेवावे, कारण तापलेले व्हिनाइल मऊ पडून मागून चपटे होते; थंड होईपर्यंत त्याला हात लावू नये. मोहेर (अंगोरा शेळीचे) केस रोवणे, डोळे बसवणे आणि लोहचुंबक चिकटवणे ही कामे शेवटच्या भाजणीनंतरच करावीत.

रंग पसरण्याऐवजी थेंबांत गोळा होत असेल, तर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट लेप भागावर उरलेला असतो. भांडी घासायच्या द्रव साबणाने कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवावे आणि रात्रभर वाळवावे.

आपल्या सध्याच्या डोक्यासाठी क्रम असा ठेवा: आधी थर्मामीटर लावून नुसताच ओव्हन तपासा, मग कोणताही नवा थर न देता डोके एकदा योग्य तापमानावर भाजा, थंड झाल्यावर काडीची परीक्षा घ्या. रंग पक्का ठरला आणि तरीही वळीत थोडी चमक उरली, तर सगळे थर पूर्ण झाल्यावर हीट-सेट मॅट (चमक न देणाऱ्या) वार्निशचा अगदी पातळ हात स्पंजने टिपून द्या आणि तोही त्याच तापमानावर भाजा. कच्च्या थरावर वार्निश चढवले तर चिकटपणा खाली तसाच राहील.