आईबद्दल चर्चमध्ये काय बोलू?

(सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचक बाईंचं पत्र. आई निवृत्त नर्स. मिरजेच्या मिशन दवाखान्यात शिकलेली, पुढची सगळी नोकरी सरकारी आरोग्य केंद्रांत. गेल्या वर्षी वारली. पुढच्या महिन्यात पहिला स्मृतिदिन आहे आणि उपासनेच्या वेळी लेकीनं आईबद्दल बोलावं असा धाकट्या भावाचा आग्रह. त्यानं मजकूरही लिहून पाठवलाय. ‘आई सगळ्या गावाची होती, आमच्या वाट्याला कधी आलीच नाही, हे मनात ठेवून उभी राहू? शिवाय लग्नानंतर मी चर्चला जाणंच सोडलंय. मावशी, हे ढोंग नाही का?’)

तू मावशी म्हटलंस, तेव्हा अगं-तुगं करते.

भावाचा मजकूर वाचला. ‘मायेचा सागर, सेवेची मूर्ती, विश्वासाचा दीपस्तंभ.’ यातलं काही खोटं नसेलही, पण यात तुझी आई कुठे आहे? नाव बदललं की हाच कागद कुणाही मुख्याध्यापिकेच्या निरोप समारंभाला चालेल. तुला तो वाचवत नाही, ते बरंच आहे. तू बोल, पण तो वाचू नकोस.

आता ढोंगाचं. उपासनेत साक्ष द्यायची असेल तर ती स्वतःच्या विश्वासाची द्यावी लागते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुला कुणी साक्ष मागितलेली नाही. प्रार्थना आणि शास्त्रवाचन भावाकडे दे, पाळकांना आधी तसं सांगून ठेव. तू फक्त आई काय करत होती ते सांग. तेवढं सांगायला चर्चला नियमित जावं लागत नाही.

आणि ते सांगण्याजोगं तुझ्याकडे भरपूर आहे. पत्रात तू जाता जाता लिहिलंयस की आईच्या बायबलात समासात पेन्सिलीनं गावांची नावं आणि तारखा आहेत, ‘काय ते कळत नाही’, आणि निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर सगळ्यात जास्त. अगं, त्या पानावर कोण आहे ते बघ की! मुलगा झाला तर मारून टाका असं इजिप्तच्या राजानं, फारोनं फर्मावल्यावर ज्यांनी ते ऐकलं नाही, त्या दोन सुइणी. तुझ्या आईनं बाळंतपणांची नोंद तिथं केली असेल, असं मला वाटतं. अडलेल्या, रात्री-अपरात्रीच्या, देवाचं नाव घेऊन केलेल्या. नक्की सांगू शकेल ती तिची जुनी दाई, किंवा तिच्याबरोबर काम केलेला कुणी आरोग्यसेवक. तू लिहितेस की त्यातली एक दाई अजून हयात आहे. मग स्मृतिदिनाची वाट कशाला बघतेस? या रविवारीच बायबल घेऊन जा आणि एकेक गाव वाचून दाखव.

त्यांना कामाचंही विचार. कुठला पुरस्कार मिळाला ते राहू दे, रोज काय करत होती ते. काचेची सिरिंज आणि सुया उकळून पुन्हा वापरायच्या, लस बर्फाच्या पेटीतून वाडीपर्यंत न्यायची, थंडीतापाच्या माणसाच्या बोटातून रक्त घेऊन मलेरियाची काच करायची. पुढे एकदाच वापरायच्या सिरिंज आल्या नि ते उकळणं आजच्या मुलींना सांगितलं तरी खरं वाटत नाही. १९७६चंही विचार. आणीबाणीत नसबंदीच्या केसेसचे आकडे कर्मचाऱ्यांवर लादलेले असत आणि आकडा भरला नाही तर पगार अडे. त्या वर्षी तुझ्या आईनं काय केलं? कदाचित उत्तर मनासारखं येणार नाही. सेवेची मूर्ती असेल तर हा प्रश्नच पडत नाही, नोकरी करणाऱ्या बाईला मात्र तो पडलेला असणार.

मिरजेचं दोन वाक्यांत सांग, तरुण मुलांना ठाऊक नसतं. डॉक्टर वॉनलेस यांच्या त्या दवाखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नर्सिंग शिकवलं जाऊ लागलं. परक्याचा मळ-मूत्र काढायचा, पुरुष रुग्णाला हात लावायचा, म्हणून घरंदाज म्हणवणारे या कामाला नाक मुरडत असत, तेव्हा ख्रिस्ती घरांतल्या मुली ते शिकल्या. आपल्याकडे नर्सला देवदूत म्हणायची हौस फार. २०२०च्या मार्चमध्ये त्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या आणि त्याच दिवसांत काही घरमालकांनी त्यांना खोली सोडायला सांगितली. देवदूताला भाडं भरावं लागत नाही ना, म्हणून तो शब्द सोयीचा.

तिच्या श्रद्धेबद्दल तू एकच गोष्ट लिहिलीस आणि ती मला फार आवडली. रविवारी चर्च बुडवलं तर तुम्हाला बोलणी बसायची, पण पल्स पोलिओ सुरू झाल्यावर पोलिओच्या रविवारी ती स्वतः सकाळपासून बूथवर. पाळकांनी विचारलं तर म्हणे, ‘डोस संध्याकाळपर्यंतच असतो, प्रभू रात्रीही भेटतो.’ हे अस्संच्या अस्सं सांग. मंडळी हसतील, हसू दे. २०१४च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा ती निवृत्त होऊन घरी होती. त्या दिवशी काय म्हणाली, भावाला आठवतंय का बघ.

आता १९९३. तुझं अर्धं पत्र त्यावरच आहे, बाकीचं सगळं त्याच्या अवतीभवती. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. किल्लारी, सास्तूर भागात भूकंपानं दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. सुमारे १०,००० माणसं गेली. आईला दुपारी जीप घ्यायला आली. वडील एसटीत कंडक्टर, मुक्कामी गाडीवर. तू नववीत, भाऊ टायफॉइडनं फणफणलेला. आईनं शेजारणीला हाक मारली, गोळ्यांच्या पुड्यांवर ‘सकाळ’, ‘रात्र’ लिहिलं आणि गेली. तुझी सहामाही सुरू झाली तरी परतली नव्हती. आल्यावरही तिथलं काही बोलली नाही, सरळ धुणं भिजत घातलं.

हे बोलू का, असं विचारतेस. बोल. त्या मदतीचा खर्च तुमच्या घरानंही भरलाय आणि आईचं काम सांगताना तो वगळला तर हिशोब खोटा होतो. फक्त विशेषणं लावू नकोस. पुड्यांवर काय लिहिलं होतं, भात कोण लावत होतं, ताप कधी उतरला, एवढंच सांग आणि पुढं जा. ‘तेव्हा कळलं नाही, आज कळतंय’ हे वाक्य मात्र खरं नसेल तर म्हणू नकोस. राग गेलेला नसेल तर नसेल. स्मृतिदिनापर्यंत तो संपवायचा असा काही नियम नाही, आणि चर्चमध्ये तो काढायलाच हवा असंही नाही. उरलेलं मला लिही, वहीत लिही.

एक काम मात्र आधी कर. भावाला फोन लाव. त्या तापात अंथरुणावर तो होता आणि इतक्या वर्षांत तुम्ही दोघं यावर कधी बोललेले दिसत नाही. कदाचित त्याला शेजारणीच्या घरचा मऊ भात नि दिवसभराचा रेडिओच आठवत असेल, आणि तुला वाटतं तसं टाकून दिल्यासारखं त्याला वाटलंही नसेल. किंवा वाटलं असेल, म्हणूनच इतका दीपस्तंभ लिहून काढलाय. त्याला न विचारता त्याचा आजार माईकवरून सांगू नकोस.

पाच-सहा मिनिटांच्या वर जाऊ नकोस. नंतर जेवण असतं आणि म्हाताऱ्या माणसांना ताटकळवणं आईलाही आवडलं नसतं. कागद मोठ्या अक्षरात लिहून ने. आणि भावाच्या मजकुरातला शेवटचा परिच्छेद, पेन्शन हातात आली की आई नातवंडांना मोजून भेळेचे पैसे द्यायची तो, ठेव. तेवढा झकास उतरलाय त्याला.