फ्रेंच फौजा हाकलल्यामुळे पश्चिम आफ्रिकेतला माली खरोखर स्वतंत्र झाला का?

नाही. फौजा ऑगस्ट २०२२ मध्ये गेल्या, पण मालीच्या तिजोरीची किल्ली आजही सेनेगलमधल्या डाकारच्या, आठ देशांच्या सामायिक मध्यवर्ती बँकेत आहे.

फ्रान्स मालीसारख्या देशांकडून दरवर्षी 'वसाहतकर' घेतो, असा दावा केला जातो. असा कर नाही. सीएफए फ्रँक हे बहुतेक जुन्या फ्रेंच वसाहतींचं सामायिक चलन वापरणाऱ्या देशांना परकीय चलनाच्या गंगाजळीचा मोठा वाटा, २००५ नंतर निम्मा, पॅरिसच्या सरकारी खजिन्यात ठेवावा लागे. पैसा त्यांचाच, त्यावर व्याजही मिळे. पश्चिम आफ्रिकेतल्या आठ देशांसाठी ही अट २०१९ च्या करारानंतर सुटली. उरला तो १ युरोला ६५५.९५७ फ्रँक हा बांधलेला दर आणि त्यामागची फ्रान्सची हमी. खोट्या कराचे फॉरवर्ड फिरवणाऱ्यांमुळे खरं दुखणं झाकलं जातं, याची मला चीड येते.

खरं दुखणं २०२२ मध्ये दिसलं. मालीत सत्तेवर असलेल्या लष्कराने निवडणूक लांबवली म्हणून ९ जानेवारीला शेजारी देशांच्या संघटनेने, इकोवासने, मालीवर निर्बंध घातले. सीमा बंद झाल्या, आणि आठ देशांच्या सामायिक मध्यवर्ती बँकेने मालीचं सरकारी खातं गोठवलं. मालीच्या सरकारी रोख्यांचे हप्ते याच बँकेतून चुकते होतात. म्हणजे पैसा असूनही तो हलवता येईना, आणि हप्त्यामागून हप्ता थकला. याच आठ देशांच्या आर्थिक संघाच्या न्यायालयाने मार्चमध्ये निर्बंधांना स्थगिती दिली, तरी निर्बंध ३ जुलैलाच उठले. खातं गोठवायला एकही फ्रेंच सैनिक लागला नाही. शेजारच्या राष्ट्राध्यक्षांचा एक ठराव पुरला.

लष्कर आलं की देश परावलंबनातून सुटतो म्हणणाऱ्यांनी मालीचाच इतिहास पाहावा. १९६१ मध्ये मोदिबो केइता या मुलकी नेत्याने फ्रेंच तळ बंद करवले, १९६२ मध्ये स्वतःचा फ्रँक काढला. शेजाऱ्यांशी व्यापार करणाऱ्यांना तो नकोच होता, राजधानी बामाकोत त्यांनी निदर्शनं केली. गंगाजळी आटली, १९६७ मध्ये अवमूल्यन करून फ्रान्सकडे परतावं लागलं आणि १९८४ मध्ये पुन्हा सीएफए. आजच्या लष्करशहांनी तर तेवढंही केलेलं नाही: जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो, नायजर इकोवासमधून बाहेर पडले, पण सीएफएच्या चलनसंघात राहिले.

बाहेर पडायचं तर निदान तीन-चार महिन्यांच्या आयातीपुरती स्वतःची गंगाजळी हवी, सामायिक साठ्यातला वाटा वाटाघाटी करून सोडवून घ्यायला हवा, आणि जुनी कर्जं कोणत्या चलनात फेडायची ते नोटा छापण्याआधी ठरायला हवं. हे न करता नवी नोट काढली, तर व्यापारी ती पहिल्याच आठवड्यात युरोत बदलायला धावतील.

एक मात्र मान्य करतो, बांधलेल्या दराने महागाई आवरली. जवळच्या घानाचं चलन स्वतःचं, सेदी. तिथे २०२२ च्या अखेरीस महागाई ५० टक्क्यांच्या वर गेली. मालीत त्या वर्षी ती सरासरी १० टक्क्यांच्या आसपास होती.