वरच्या मजल्यावर जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे खालून वायरने आलेलं इंटरनेट वायफायने पुढे पुरवायला, लावला आहे. वायफायची खूण पूर्ण दिसते, तरी इंटरनेट अधूनमधून जातं आणि फोन खालच्याच राउटरला चिकटून राहतो. काय चुकतंय?

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. दोन्ही एकदम उद्भवल्यामुळे तुम्हाला एकच वाटतायत.

आधी इंटरनेट जाण्याचं बघू. माझा अंदाज असा की जुन्या राउटरचा डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते वाटणारा भाग, तुम्ही बंद केलेला नाही. अंदाज इतक्या ठामपणे सांगतोय, कारण हेच शेण मी स्वतः खाल्लं आहे. दोन दिवस इंटरनेटवाल्यांना फोन करून भांडलो, त्यांचा माणूस येऊन खालचा राउटर तपासून गेला, सगळं ठीक निघालं. दोष माझ्याच वरच्या डब्यात होता.

नेटवर्कवर नवीन आलेलं यंत्र आधी सगळ्यांना ओरडून विचारतं, ‘मला कुणी पत्ता देता का?’ डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी पत्ता देतो आणि सोबत सांगतो की बाहेर जायचं दार, म्हणजे गेटवे, अमुक ठिकाणी आहे. घरात असे दोन सर्व्हर असले तर बहुतेक वेळा जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकलं जातं. खालच्याने आधी उत्तर दिलं तर सगळं सुरळीत. वरच्याने दिलं तर तो स्वतःलाच दार म्हणून पुढे करतो, आणि त्याच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरून इंटरनेट घ्यायच्या भोकाला, तर काहीच जोडलेलं नाही. फोनला पत्ता मिळाला, खूण भरली, पण पान एकही उघडत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशातली गत. वायफाय बंद करून चालू केलं की कधीकधी नशिबाने खालचा राउटर आधी उत्तर देतो आणि आपल्याला वाटतं, ‘झालं बरं आपोआप.’

खात्री करणं सोपं आहे. पुढच्या वेळी इंटरनेट गेलं की फोनमध्ये त्या वायफायचा तपशील उघडून गेटवेचा पत्ता बघा. तो खालच्या राउटरचा नसेल तर चोर सापडला. दोन्ही राउटरांना मुळातच १९२.१६८.१.१ हा एकच पत्ता असेल, तर गोंधळ आणखी वाढतो आणि गेटवे बघूनही काही कळत नाही. अशा वेळी वरच्याची वायर थोडा वेळ काढून ठेवा आणि खालच्याशी जोडलेल्या यंत्रांचं इंटरनेट तेवढ्या वेळात जातं का ते बघा.

आता दुरुस्ती. इथे क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असा पर्याय असेल तर तो निवडा, बहुतेक काम तोच करतो. नसेल तर त्याला नेटवर्कपासून तोडा आणि फक्त लॅपटॉपला वायरने जोडा. पहिल्यांदा त्याचा लॅनचा, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा, पत्ता बदला. खालचा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, पण त्याआधी खालचा राउटर कुठून कुठपर्यंतचे पत्ते वाटतो ते बघून घ्या. हा पत्ता त्या रांगेच्या बाहेर हवा, नाहीतर उद्या तोच पत्ता एखाद्या फोनला मिळेल. जतन केलं की चालू पान मरतं. घाबरू नका, नव्या पत्त्यावर जाऊन पुन्हा लॉगिन करा. डीएचसीपी त्यानंतर बंद करा. आधी बंद केलात तर लॅपटॉपला पत्ता देणारा कुणी उरत नाही आणि पत्ता हाताने भरत बसावा लागतो.

मग खालच्या राउटरच्या लॅन पोर्टातून आलेली वायर याच्याही लॅन पोर्टात घाला. वॅन पोर्ट रिकामा राहू द्या. मी तर त्यावर चिकटपट्टीच लावली आहे, कारण साफसफाई करताना वायर निघाली की परत घालणाऱ्याला वेगळ्या रंगाचं भोकच खरं वाटतं. आणि वायर एकच. ‘वेग दुप्पट होईल’ म्हणून दोघांमध्ये दुसरी वायर जोडलीत तर वर्तुळ तयार होतं, त्यात संदेश गरगर फिरत राहतात आणि घरातलं सगळं नेटवर्क आडवं होतं. सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकायला लागले की ओळखा.

वायरीबद्दल आणखी एक. १ गिगाबिटचा वेग चालायला आतल्या आठही तारा धड लागतात. टोकाला एखादी तार नीट बसली नसेल तर जोडणी मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरते आणि आपण वायफायला शिव्या देत बसतो.

आता चिकटणाऱ्या फोनकडे. कुठल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला जोडून राहायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. नवी उपकरणं फोनला सुचवू शकतात, पण शेवटचा शब्द फोनचाच. म्हणून त्याला निर्णय सोपा करून द्यायचा. दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षरशः सारखा ठेवा. नावं वेगळी ठेवली तर फोनच्या लेखी ती दोन परकी नेटवर्कं असतात, आणि पहिलं पार तुटेपर्यंत तो सहसा दुसऱ्याकडे बघत नाही.

चॅनल, म्हणजे वायफाय ज्या लहरींच्या पट्ट्यावर बोलतं तो, मात्र दोघांचे वेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर न चढणारे चॅनल आहेत, रुंदी २० मेगाहर्ट्झ धरून. खाली १ आणि वर ६, असं काहीतरी करा. शेजाऱ्यांपासून लांब पळायचं म्हणून ३ किंवा ४ निवडणं हा शहाणपणा नव्हे, त्यात दोन्ही बाजूंचा त्रास होतो. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ मध्ये राहा. ५२ पासून १४४ पर्यंतच्या चॅनलांवर रडार चालत असू शकतं, म्हणून राउटर सुरू झाल्यावर निदान मिनिटभर कान देऊन ऐकतो आणि मगच बोलतो. अनेकांना वाटतं ५ गिगाहर्ट्झ बिघडलं, तर ते नुसतं ऐकत असतं.

आणि लोकांना पटत नाही ती गोष्ट: प्रक्षेपणाची शक्ती कमी करा. राउटरचा आवाज मोठा असतो, फोनचा लहान. फोनला खालच्या राउटरचं बोलणं वरपर्यंत ऐकू येतं म्हणून खूण भरलेली दिसते, पण फोनचं उत्तर खाली पोचता पोचता विरतं. खालच्या राउटरची २.४ गिगाहर्ट्झची शक्ती ३ डेसिबलने, म्हणजे निम्म्यावर आणून बघा, गरज वाटली तर आणखी ३ ने. वायफाय मोजणारं एखादं अ‍ॅप घेऊन जिन्यात उभे राहा. संकेताचा जोर डीबीएममध्ये दिसतो, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त. तिथे दोघांचाही संकेत उणे ६५ ते उणे ७० डीबीएमच्या आसपास असला तर फोन एकाकडून दुसऱ्याकडे छान जातो. खालचा तिथेही उणे ५० दाखवत असेल तर फोन त्याला सोडेल कशाला?

सुरक्षेचं थोडक्यात. जुन्या राउटरला बहुधा डब्ल्यूपीए३ हा वायफाय सुरक्षेचा नवा प्रकार येत नसेल, तो २०१८ चा आहे. मग दोन्हीकडे त्याआधीचा डब्ल्यूपीए२ आणि एईएस ही सांकेतिकीकरणाची पद्धत ठेवा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. त्याचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ सालीच उघड झालं आहे. नाव लपवण्याने काही साधत नाही, फोनच ते नाव पुकारत फिरतात. आणि जुन्या राउटरचा मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड आजच बदला.

वरच्या राउटरवर पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क काढायचा विचार असेल तर जरा थांबा. या मोडमध्ये ते बऱ्याचदा नावापुरतंच वेगळं असतं. त्या पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडून खालच्या राउटरचं सेटिंगचं पान उघडून बघा. उघडलं तर पाहुणे तुमच्याच माजघरात आहेत.

हे सगळं करूनही इंटरनेट गेलंच, तर त्या क्षणी फोनमध्ये दिसणारा आयपी पत्ता आणि गेटवे टिपून ठेवा, आणि तेव्हा खालच्या राउटरला वायरने जोडलेला लॅपटॉप चालतो का तेही बघा. तोही बंद असेल तर वरचा डबा निर्दोष आहे. मग मात्र इंटरनेटवाल्यांशी खुशाल भांडा.