नकाशे माझे, इमारत त्यांची

प्रश्न : दर्यापूर तालुक्यात मी आर्किटेक्ट आहे. एका शिक्षण संस्थेच्या वसतिगृहाचं काम ४ लाखांना ठरलं. करार नाही, माझ्या फीच्या पत्रावर अध्यक्षांची सही आहे, त्यात टप्पे नाहीत. नकाशे मंजूर झाले, निम्मी वर्किंग ड्रॉइंग (प्रत्यक्ष बांधकामासाठीचे तपशीलवार नकाशे) दिली, ९० हजार मिळाले आणि फोन आला, 'आता तुमची गरज नाही.' ठेकेदार माझ्याच नकाशांवर बांधतोय. हीच इमारत ते अंजनगावलाही उभारणार आहेत. मला काय मिळेल? पुढच्या करारात काम तोडल्याची आणि नकाशे वापरण्याची फी किती लिहू?

उत्तर : ताई, ते सहीचं पत्र जपून ठेवा, तोच तुमचा करार आहे. करार स्टॅम्प पेपरवरच व्हावा लागतो, हा आपल्याकडचा गैरसमज फार नुकसान करतो. टप्पे नसले तरी केलेल्या कामाचा रास्त मोबदला मागता येतो. करार कायद्याचं कलम ७० याच कामी येतं. मुदत साधारण तीन वर्षांची आहे, ती वाट पाहण्यात घालवू नका.

आता नकाशांचं. वरुड-मोर्शीकडे व्यापारी संत्र्याचा आंबिया बहार विकत घेतो, बाग शेतकऱ्याचीच राहते. तुमचंही तसंच. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नकाशांच्या पहिल्या मालक तुम्ही. लेखी सही करून दिल्याशिवाय तो हक्क जात नाही. संस्थेनं पैसे दिले ते एका जागेच्या वापराचे. दर्यापूरचं बांधकाम मात्र आता थांबवता येणार नाही. काम सुरू झालेल्या इमारतीवर मनाई मिळत नाही आणि ती पाडण्याचा आदेशही मिळत नाही, असं कलम ५९ सांगतं. तिथं पैसेच मागा. अंजनगावला अजून कुदळ पडली नसेल, तर नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टानं जाऊ द्या. पाया खणल्यावर तीच नोटीस निम्म्या ताकदीची होते. कॉपीराइटचा दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या न्यायालयात करता येतो.

पुढच्या करारात आधी टप्पे लिहा. समजा मंजुरीपर्यंत ३५ टक्के, वर्किंग ड्रॉइंगला ३०, देखरेखीला ३५. मग आजच्या कामाचे ५० टक्के, म्हणजे २ लाख झाले असते. ९० हजार वजा जाता १ लाख १० हजार येणं. वाद तिथंच मिटला असता.

काम तोडल्याची फी त्याहून वेगळी. तुमची चूक नसताना काम काढून घेतलं, तर उरलेल्या कामाच्या फीच्या १० टक्के, इथं २० हजार, मी रास्त समजतो. रागाच्या भरात 'पूर्ण फी द्यावी लागेल' असं लिहू नका. करार कायद्याच्या कलम ७४ खाली लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, न्यायालय रास्त तेवढंच देतं. सर्वोच्च न्यायालयानं फतेहचंद खटल्यात हे १९६३ सालीच स्पष्ट केलं. या कामासाठी ड्राफ्ट्समन किती महिने अडकला, दुसरं कोणतं काम सोडलं, याची वही ठेवा. आकडा त्या वहीवर टिकतो.

वापराच्या फीला तिसरं कलम द्या : तुम्हाला काढून त्याच जागेवर नकाशे वापरायचे तर उरलेल्या फीच्या २० टक्के, आणि परवानगी सगळी थकबाकी मिळाल्यावरच. दुसऱ्या जागेसाठी नवा लेखी परवाना, मूळ फीच्या निदान तिसऱ्या हिश्शाला. चूक तुमची असेल तर काम तोडल्याची आणि त्याच जागेवरच्या वापराची, या दोन्ही फी मागायच्या नाहीत, हेही लिहा. समोरचा माणूस मग सही करायला कचरत नाही.

आणि प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात गट नंबर टाकून 'फक्त याच जागेसाठी' असं छापत चला, मोबाइलवर पाठवायच्या पीडीएफवरसुद्धा.